झोपेतला हात

वाडीत कुणालाही विचारा, गहिनीनाथ आबा कुठं आहेत? माणसं आधी हसतील आणि मग सांगतील, "आसतील कुठंतरी झोपलेले." माणूस टेकला की झोपला. देवळाच्या पायरीवर झोपला, ग्रामसभेत झोपला, एकदा तर गालाला साबण लावलेला असताना न्हाव्यापुढं झोपला आणि तो बिचारा वस्तरा हातात धरून दहा मिनिटं थांबला. मी पण हसलेय त्यांना. वीस वर्षं हसलेय. आता हसू येत नाही, म्हणून सांगायला बसलेय.

मी सुमन, या वाडीची आशा. कागदावर आशा स्वयंसेविका, वाडीच्या तोंडी 'गोळ्यावाली बाई'. पाथर्डीपासून आत, डोंगराच्या अलीकडं आमची दीडशे उंबऱ्यांची वाडी. दसरा झाला की निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात आणि मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आबांच्या घरात मागं राहतात दोघंच, आबा आणि त्यांची नात सुकन्या. आबांची बायको रंगुबाई चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा हनुमंत आणि सून विजयमाला सहा महिने श्रीगोंद्याकडं कारखान्यावर असतात.

आबाही तीस वर्षं ऊसतोडीला होते, बैलगाडीवाले. दिवसभर तोडायचं, सांजेला गाडी भरायची आणि मग बैलांच्या मागं बसून रात्रभर कारखान्याची वाट धरायची. झोपायला निराळा वेळ कुठला? हे गाडीवरच झोपायचे, कासरा मनगटाला गुंडाळून. बैल चालतायत तोवर यांची झोप चालू. बैल थांबले की कासरा ढिला पडायचा आणि यांचा हात आपसूक हलायचा. जिभेनं 'टक्' करायचे, म्हणायचे, "चल बाबा, चल," आणि बैल पुन्हा चालायला लागायचे. डोळे उघडायचेच नाहीत. "सकाळी गाडी कारखान्याच्या दारात उभी आसायची," आबा सांगायचे, "आन मला रस्ता आठवायचा न्हाई!" ही गोष्ट मी पन्नासदा तरी ऐकली असेल. नीट ऐकली असती तर बरं झालं असतं.

आता सुकन्या. सहा वर्षांची, पहिलीत आहे. वजन चौदा किलो. तोंड सदा उघडं, ओठ सुकलेले, बोलली की नाकात बोलते. शाळेत दुसऱ्या तासाला पाटीवर डोकं टेकून झोपते आणि गुरुजींनी उठवलं की एवढी चिडते की एकदा त्यांच्या हाताला चावली. रात्री घामानं डोकं चिंब होतं. अजून अंथरूण ओलं करते. उशी दिली की फेकून देते आणि मान मागं टाकून, हनुवटी वर करून झोपते. आणि तीन वर्षं झाली, घोरते. एवढीशी पोर, पण ओसरीवरून आवाज ऐकू येतो.

हे सगळं मला माहीत होतं. पण एकेक करून माहीत होतं. तोंड उघडं म्हणून सर्दीचं औषध दिलं. वजन कमी म्हणून जंताची गोळी दिली. अंथरूण ओलं करते म्हणून रात्री पाणी देऊ नका म्हटलं. शाळेत झोपते, तर आजोबावर गेलीय म्हणून सगळी वाडी हसली, त्यात मी पुढं. आणि घोरण्याला तर आमच्याकडं कुणी दुखणं म्हणतच नाही. घोरतंय म्हणजे लेकरू पोटभर जेवलंय, गाढ झोपलंय. ऊसतोडीच्या माणसाला झोपेची एवढी ददात की कुणी घोरायला लागलं तर बाकीचे कौतुकानं बघतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, माझ्याच तोंडानं सांगते. ऊसतोडीचा पट्टा, म्हणजे हंगाम, संपवून माणसं परत आली होती. विजयमाला हंडा भरायला बोअरवर आली आणि हळूच म्हणाली, "ताई, काल पोरगी माझ्यापाशी निजली, तर घोरता घोरता मधीच गप हुती. लई येळ. मला भ्या वाटतं."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "आगं, कूस बदलत आसंल. गाढ झोपती, चांगलं हाय की. तुझ्या सासऱ्यावर गेलीय."

ती हसली, हंडा डोक्यावर घेतला आणि गेली. पोर लहानपणापासून आजोबाच्या कुशीतच झोपायची, आईकडं फारशी जायची नाही. त्यामुळं विजयमालानं परत काही बघितलं नाही आणि परत काही विचारलं नाही. मी तिची बोलती बंद करून टाकली होती. माझं कपाळ!

यंदा भाद्रपदात शाळेत पोरं तपासायची गाडी आली. त्यातल्या डॉक्टरनं सुकन्याला तोंड मिटून बस म्हटलं, तर पोर अर्ध्या मिनिटात गुदमरली. त्यानं चिठ्ठी दिली, नगरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवा. हनुमंत म्हणाला, "सर्दी तर हाय." पण आबा लगेच धोतर बदलून तयार. मग मी, आबा आणि सुकन्या, आमची वरात यष्टीनं नगरला गेली. माळीवाड्याला उतरून रिक्षानं एका ट्रस्टच्या दवाखान्यात गेलो. तिथं दीपा मॅडम म्हणून डॉक्टर आहेत. तरुण आहेत पण घाई नाही. पोरीला मांडीवर घेऊन घसा बघितला, फोटो काढायला लावला आणि मग आम्हाला समोर बसवून समजावलं.

"नाकाच्या मागं, घशाच्या वरच्या अंगाला लहान मुलांना एक मांसाची गाठ असते. ती फार वाढली की झोपेत वाट बुजते. पोर श्वास ओढतं, हवा आत जात नाही. मग जीव घाबरून दचकतं, श्वास घेतं, परत झोपतं, परत वाट बुजते. रात्रभर हेच. आपल्याला वाटतं पोर दहा तास झोपलं. त्याला खरी झोप मिळालेलीच नसते."

मला एकदम पाटीवर डोकं ठेवलेली सुकन्या दिसली. 

"घोरणाऱ्या सगळ्याच मुलांना असं नसतं," मॅडम म्हणाल्या. "हिची गाठ मध्यम आहे. रक्त फार कमी आहे, आठ. गाठ काढायला भूल द्यायची तर तसं कारण हवं. आबा, झोपेत हिचा श्वास थांबतो का? मधेच बंद पडतो?"

"न्हाई बा," आबा म्हणाले. "कदी थांबत न्हाई. मी हात ठिवून झोपतो की."

मॅडमनी कागदावर 'नाही' लिहिलं. आबांचं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलं आणि गोड हसल्या. मी पण ऐकलं आणि हसले. आजोबांची माया, दुसरं काय!

मॅडम म्हणाल्या, एक रात्र इथं ठेवू, बोटाला चिमटा लावून. रक्तात प्राणवायू किती आहे ते मशीन रात्रभर लिहून घेतं. फार खाली गेला, वरचेवर गेला, तर रक्त भरून काढून ऑपरेशन. नाही गेला तर नाकात मारायचा फवारा आणि सहा महिन्यांनी परत बघू. पोरीजवळ एकाच माणसानं राहायचं असा नियम. आबा आत राहिले, मी बाहेर बाकावर पदर तोंडावर घेऊन आडवी झाले.

सकाळी सिस्टर म्हणाली, "किती गोड आजोबा आहेत हो! रात्रभर नातीवर हात ठेवून झोपले होते." आणि कागद आला, किरकोळ आहे, फवारा द्या. मला एवढा आनंद झाला की विचारू नका. मी तिथल्या तिथं कागदाचा फोटो काढून हनुमंतला पाठवला. आबांनी स्टँडवर पोरीला भेळ घेतली. आमच्यासारखी शहाणी आम्हीच.

त्या कागदानं काय झालं? हनुमंतनं ठरवलं, पोरीला यंदा कारखान्यावर न्यायचं. त्याचंही अगदी चूक नव्हतं. धाकटं पोरगं वर्षाचं झालेलं, त्याला तिथल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, कुणाजवळ ठेवणार? पहाटे तीनला नवरा-बायको उसात जाणार. सुकन्या शाळेत नुसती झोपते, मग तिथं बसून भावाला तरी सांभाळेल. आजारी असती तर ठेवली असती. आता कागदच सांगतोय, चांगली आहे म्हणून. मंगळवारी ट्रक येणार होता.

 आबा मला एवढंच म्हणाले, "तितं तिच्यापाशी कोन झोपंल?" मी म्हटलं, "आई हाय की, आबा." ते म्हणाले, "आई तीनला उठून जाती." मला वाटलं म्हाताऱ्याला करमणार नाही, म्हणून बोलतोय.

ट्रक यायच्या आधीचा शनिवार. दुपारी मी रक्तवाढीचं औषध द्यायला त्यांच्या घरी गेले. हनुमंत, विजयमाला पाथर्डीला बाजाराला गेलेले. ओसरीत गोधडीवर सुकन्या झोपलेली, मान मागं टाकून, घोरत. शेजारी आबा भिंतीला टेकून झोपलेले, तोंड उघडं, टोपी डोळ्यांवर. एक हात पोरीच्या छातीवर. मी मनात म्हटलं, बघा जोडी! त्यांना उठवायचं जिवावर आलं म्हणून उंबऱ्यावर बसले.

घोरण्याचा आवाज थांबला. मी सहज बघितलं. पोरीचं पोट वर ओढलं जात होतं, गळ्याखालचा खड्डा आत जात होता, पण आवाज नाही, हवा नाही. मी मनात मोजायला लागले, एक, दोन, तीन. चारला आबांचा हात हलला. जिभेनं 'टक्' झालं. "चल बाई, चल." हातानं पोरीला अल्लद कुशीवर ढकललं, हनुवटी वर केली. पोरीनं मोठ्यानं श्वास ओढला आणि परत घोरायला लागली. आणि आबा? टोपी तशीच डोळ्यांवर. ते जागे झालेच नव्हते.

मला वाटलं योगायोग. पण मी हलले नाही. पोर परत उताणी झाली. परत आवाज थांबला, परत हात, परत 'टक्', "चल बाई, चल." अर्ध्या तासात हे मी नऊ वेळा बघितलं. औषधाची बाटली माझ्या हातात तशीच राहिली.  तीन वर्षं रात्रभर हा माणूस पोरीला हाकत होता. दवाखान्यात पण त्यानं हेच केलं होतं. ते मशीन पोरीचा श्वास लिहीत नव्हतं, आबांचा हात लिहीत होतं.

मी ओरडलेच. "आबा! ओ आबा! आवो तुमी काय करताय हे?"

आबा दचकले. "काय करतो? झोपलोय की."

"हात! हात काय करतोय तुमचा?"

त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. मी सगळं सांगितलं. त्यांना पटेना. "म्या काय केलं न्हाई, सुमनबाई. देवाशप्पत, म्या झोपलो हुतो." मग मी पोरीला उताणी ठेवली आणि त्यांचा हात माझ्या हातात धरून ठेवला. म्हटलं, आता बघा. श्वास थांबला. आबांनी डोळे उघडे ठेवून पहिल्यांदा बघितलं. माझ्या हातातून त्यांचा हात निसटू बघत होता. मला पाचाच्या पुढं धरवलं नाही, सोडून दिला.

"मंग मी दाक्तरीनबाईला खोटं बोललो," आबा म्हणाले. 

मी दीपा मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक माझी. मी विचारायला हवं होतं, हात ठेवून म्हणजे काय. तुम्ही उद्याच या. उद्या रात्री मशीन मोकळं आहे, मी सिस्टरला सगळं सांगून ठेवते. यावेळी कुणी हात लावायचा नाही."

हनुमंत बाजारातून आला आणि भांडण झालं. "ताई, एकदा केली की तपासनी! कागद हाय माझ्यापाशी. मंगळवारी ट्रक हाय, मुकादमाला काय सांगू?" मी पण तोंडाची फटकळ. म्हटलं, "मुकादमाला सांग, आशाबाई आडवी झोपलीय ट्रकपुढं. कागद चुकीचा हाय. आन पोरगी कोपीत मेली तर तो कागद चाटत बस!" असं बोलायला नको होतं. पण बोलले.

विजयमाला पोरीचे कपडे पिशवीत भरत होती. तिनं हातातला फ्रॉक खाली ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला दोन वर्सापूर्वीच वाटलं हुतं, ताई." एवढंच. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.  हनुमंतनं मग ती पिशवी उचलून बाजूला ठेवली.

रविवारी संध्याकाळी आम्ही दवाखान्यात. यावेळी मलाही आत राहू दिलं. सिस्टरनं बोटाला चिमटा लावला. समोर छोट्या पडद्यावर आकडा आला, सत्त्याण्णव. सिस्टर म्हणाली, "श्वास थांबला तरी हात लावायचा नाही. मी इथंच आहे. आकडा फारच खाली जाऊन राहिला तर मीच उठवीन. घाबरायचं नाही." घाबरायचं नाही म्हणायला काय जातं! तिचंही काम ते, तिच्यावर काय राग काढायचा.

सुकन्याला आजोबांच्या हाताशिवाय झोप येईना. मग आबांनी हात ठेवला, ती झोपली आणि त्यांनी हात काढून घेतला. काढताना चटका बसल्यासारखा काढला. मग उपरण्याचं एक टोक मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं माझ्यापुढं धरलं.

"बांद," म्हणाले. "खाटंच्या दांडीला बांद."

"आबा, कशापायी? तुमी जागं हायेत की."

"जागा हाय तंवर धरीन. डोळा लागला की ह्यो हात माजं ऐकत न्हाई. बांद, सुमनबाई. दोन गाठी मार."

मी बांधलं. बैल बांधतात तसं बांधलं. 

पहिल्या झोपेतच आवाज थांबला. पोरीचं पोट ओढलं जात होतं. आकडा सत्त्याण्णववरच होता, मला वाटलं बरं आहे. मग उतरायला लागला. त्र्याण्णव. एकोणनव्वद. खाट कर्र वाजली, आबांचा हात उपरण्याला ओढ देत होता. चौऱ्याऐंशी. "चल बाई," आबा पुटपुटले, "चल, माजी बाई." एकोणऐंशी. माझं मन म्हणत होतं, हो पुढं, ढकल तिला, गेली ती तपासणी उडत. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पोर थडथड उडाली, घशातून घर्र झालं आणि तिनं श्वास घेतला. आकडा वर चढला. सिस्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं झालं, संपलं. मला पण वाटलं. दोन मिनिटांत परत आवाज थांबला.

किती वेळा ते मी सांगणार नाही, मशीननं मोजलंय. पहाटेच्या सुमाराला तर थांबणं आणखीच लांबलं. आबा त्या रात्री झोपले नाहीत. टेकला की झोपणारा माणूस, वाडीचा हसण्याचा विषय, रात्रभर डोळे टक्क उघडे ठेवून बसला आणि नातीचा श्वास थांबताना बघत राहिला. एकदा म्हणाले, "तीन वर्स मला वाटायचं, मी लई मायेनं झोपवतो हिला."   उजाडल्यावर उपरणं सोडलं तेव्हा मनगटाला लाल वळ उठला होता.

दीपा मॅडम सकाळी आल्या, कागद बघितला, परत बघितला. "तासाला अठरा वेळा," म्हणाल्या. "हे किरकोळ नाही. ऑपरेशन करावंच लागेल." मग आबांकडं वळून विचारलं, "आबा, तीन वर्षं तुम्ही हे हातानं रोखलंत?" त्यांच्या स्वरात कौतुक होतं, पण आबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी विचारलं, "मी हात ठिवला नसता तर आदीच कळलं आसतं, व्हय?"

मॅडमना खोटं बोलता येईना. "कदाचित," त्या म्हणाल्या. "पण हात ठेवला नसता तर या तीन वर्षांत काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही." हे बाई खरं बोलल्या. पण आबांनी त्यातलं पहिलंच ऐकलं.

ऑपरेशन लगेच नाही. आधी रक्त वाढवायचं, मगच भूल. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. तोवर कुशीवर झोपवा, डोकं उंच ठेवा आणि हो, मॅडम म्हणाल्या, आता खुशाल हात ठेवा.

मंगळवारी ट्रक आला. सुकन्या गेली नाही, एवढं पदरात पडलं. विजयमालानं जाताना पोरीच्या छातीवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, मग ट्रकवर चढली. तिलाही थांबायचं होतं, पण एकट्या हनुमंतला मुकादम उसात घेणार नव्हता. जोडी लागते. ऑपरेशनच्या दिवशी येते म्हणाली. धाकटं पोरगं तिच्या पाठीशी बांधलेलं होतं. त्याला आता कोण सांभाळतंय, मला माहीत नाही. फोनवर मी विचारलं नाही.

आणि इकडं हे असं झालं. आबांना झोपच येईना. हात पोरीच्या छातीवर ठेवतात, पण डोळे मिटत नाहीत. म्हणतात, "आदी मला म्हाईत नव्हतं, तवा हात आपलं काम करत हुता. आता म्हाईत झालंय. आता डोळा लागला आन हात उठला न्हाई तर? डोळं मिटलं की हात बांदल्यावानी वाटतो." माणूस तीन वर्षं झोपेत राखण करत होता आणि आम्ही त्याची झोप काढून घेतली. दिवसा खांबाला टेकतात, डोळे उघडे. आता वाडीत कुणी हसत नाही. मला तर कुणीतरी परत हसावं असं वाटतं.

पाच-सहा दिवसांत ते निम्मे झाले. परवा चालताना झोक गेला. मग मी म्हटलं, पुरे. रोज दुपारी दोन तास मी बसते, हात मी ठेवते, तुम्ही झोपा. आधी नको म्हणाले. मग म्हणाले, "तुला जमंल?" मी म्हटलं, "बारा वर्सं आशा हाय मी, आबा." म्हटलं खरं.

आज दुपारी बसले. सुकन्या झोपली, मी हात ठेवला. पलीकडं भिंतीकडं तोंड करून आबा आडवे झाले आणि खरंच, दहा मिनिटांत त्यांना डोळा लागला. मला बरं वाटलं. पोरीची छाती हाताखाली वरखाली होत होती. चिमणीएवढी छाती, बरगड्या मोजून घ्याव्यात. मी मनाशी म्हणत होते, एवढं काही अवघड नाही.

घोरणं थांबलं. हाताखाली छाती हलत होती. हलत होती म्हणून मला वाटलं श्वास चालू आहे. मग वाटलं नाही, नुसती ओढ आहे. मग वाटलं चालू आहे. खरंच सांगते, मला कळेना. बारा वर्षं नोकरी, चार प्रशिक्षणं, आणि माझ्या हाताला कळेना. मी तिच्या तोंडाकडं बघत नुसती बसून राहिले.

मागं 'टक्' असा आवाज झाला.

मी वळून बघितलं. आबा गाढ झोपले होते. त्यांचा हात रिकाम्या गोधडीवर सरकत होता, काहीतरी हळूच पुढं ढकलत होता. "चल बाई," ते म्हणाले, "चल."

मी सुकन्याला कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली. तिनं श्वास घेतला. ऑपरेशनला अजून नऊ दिवस आहेत.